जपान आणि कोरिया: नव्याने राहायला जाणाऱ्यांसाठी रोजच्या रीतीभाती

पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. आता रांजणगावला एलजी आणि तळेगावला ह्युंदाई आल्यापासून कोरियाचं नावही घरोघरी ऐकू येतं. शिकायला, नोकरीला किंवा जोडीदाराच्या बदलीमुळे या दोन देशांत जाणारी मराठी माणसं बरीच आहेत, आणि एका देशात राहून मग दुसऱ्यात जाणारीही आहेत. त्यांना निघण्याआधी मिळणारा सल्ला साधारण ठरलेला असतो: वाकून नमस्कार करा, बूट दाराशी काढा, वस्तू दोन हातांनी द्या, टिप देऊ नका. हे दोन्हीकडे चालतं, त्यामुळे त्यात चुकायला फारसा वाव नसतो. पंचाईत होते ती दोघांचं जिथे पटत नाही तिथे. हा लेख तेवढ्यापुरताच आहे.

एक किल्ली आधीच देऊन ठेवतो. जपानमध्ये काहीही करण्याआधी माणूस मनात विचारतो, ‘माझ्यामुळे शेजारच्याला त्रास तर होणार नाही ना?’ कोरियात आधीचा प्रश्न वेगळा असतो: ‘समोरचा माझ्यापेक्षा मोठा की लहान, आणि आमचं नातं काय?’ पुढे येणारे बहुतेक फरक या दोन प्रश्नांतून निघतात.

पहिला आठवडा: कागदपत्रं आणि फोन

जपानमध्ये मोठ्या विमानतळांवर उतरल्या उतरल्या निवास कार्ड हातात मिळतं. राहण्याची जागा ठरली की चौदा दिवसांच्या आत त्या भागाच्या वॉर्ड ऑफिसात जाऊन पत्ता नोंदवा. आरोग्य विम्याचं कामही त्याच फेरीत उरकून घ्या. कोरियात परदेशी नागरिक म्हणून नोंदणीला नव्वद दिवसांची मुदत असते, पण तेवढे दिवस थांबू नका. तिथे बँक, ऑनलाइन खरेदी, जेवण मागवणं, सगळ्याची ओळख पटते ती तुमच्या नावावरच्या मोबाइल नंबरावरून, आणि तसा नंबर नीट मिळायला नोंदणी कार्ड लागतं. कार्ड, मग फोन, मग बँक, असा क्रम धरा.

फोनमध्ये निरोपांसाठीची अ‍ॅप्स घ्या: जपानसाठी लाइन, कोरियासाठी काकाओटॉक. कोरियात रस्ता शोधायला तिथली माणसं नेव्हर मॅप किंवा काकाओमॅप वापरतात, तुम्हीही तेच घ्या. पैशांचं म्हणाल तर सोलमध्ये एका कॉफीलाही कार्ड चालतं. जपानमध्ये मात्र छोटं रामेनचं दुकान किंवा गल्लीतला दवाखाना अजूनही रोख मागू शकतो, तेव्हा खिशात थोडे येन असू द्या. आणि आणीबाणीचे नंबर आजच लिहून ठेवा: आग आणि रुग्णवाहिका दोन्हीकडे ११९, पोलीस मात्र जपानमध्ये ११० आणि कोरियात ११२.

घर घेताना

जपानी घरमालकाला अनामत द्यावी लागते. शिवाय बऱ्याच ठिकाणी ‘रेइकिन’ नावाची रक्कम असते, ती परत मिळत नाही. घर भाड्याने दिल्याबद्दल मालकाला दिलेली ती भेट! पुणेरी घरमालकालाही हे सुचलेलं नाही. ‘रेइकिन नसलेली’ घरंही असतात, एजंटला तसं स्पष्ट सांगा. हमी देणाऱ्या कंपनीची फी वेगळी. घर हातात येतं ते अगदी रिकामं, कित्येकदा दिवे आणि गॅसची शेगडीसुद्धा तुम्हीच आणायची.

कोरियात मासिक भाड्याच्या घरालाही अनामत मोठी असते. पन्नास लाख किंवा एक कोटी वॉन हे आकडे सर्रास ऐकू येतात. एक कोटी म्हणजे साधारण सहा लाख रुपये, घाबरून जाऊ नका. ‘जनसे’ या पद्धतीत तर महिन्याचं भाडंच नसतं. घराच्या किमतीचा मोठा हिस्सा एकरकमी मालकाकडे ठेवायचा आणि मुदत संपली की परत घ्यायचा. इथे फसवणुकीची प्रकरणं गाजलेली आहेत. नवख्याने जनसेच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. साध्या भाड्याच्या घरातही सही करण्याआधी मालमत्तेचा नोंदणी उतारा बघा आणि घरावर किती कर्ज आहे ते तपासा. फायदा असा की लहान घरांत फ्रिज, वॉशिंग मशीन, एसी बहुधा आधीच बसवलेले असतात, आणि दाराला किल्लीऐवजी आकड्यांचं कुलूप असतं.

हिवाळ्यात दोन्ही घरांतला खरा फरक कळतो. कोरियन घराची जमीनच गरम असते. ‘ओन्दोल’ या पद्धतीत फरशीखालून ऊब येते, त्यामुळे बाहेर शून्याखाली दहा असलं तरी आत अनवाणी फिरता येतं. टोकियोत थंडी त्यामानाने कमी, पण घरात जास्त वाजते, कारण खोली एसीने गरम करायची आणि न्हाणीघर-पॅसेज गारठलेले. टोकियोसाठी घरातले जाड मोजे आणि लोकरीचे कपडे न्या, सोलसाठी बाहेरचा जाड कोट.

नवीन घरात शिरल्यावर जपानमध्ये वरच्या-खालच्या आणि आजूबाजूच्या शेजाऱ्यांना टॉवेल किंवा खाऊचा लहान पुडा देऊन ‘राहायला आलोय’ सांगायची जुनी रीत आहे. मोठ्या शहरांत ती विरळ झाली आहे, पण घरात लहान मूल असेल तर जरूर करा. रडण्या-धावण्याच्या आवाजाची माफी आधीच मागून होते. कोरियात उलटं, पाहुणे तुमच्याकडे येतात. गृहप्रवेशाला ते टॉयलेट पेपरचा गठ्ठा किंवा कपडे धुण्याची पावडर घेऊन आले तर हसू नका. गुंडाळी जशी सरसर सुटते तशी कामं सुटावीत आणि फेसासारखी भरभराट व्हावी, अशा त्या शुभेच्छा आहेत.

कचरा: इथे शेजारी तुमची परीक्षा घेतात

जपानमध्ये वार महत्त्वाचा. जाळण्याजोगा कचरा अमुक वारी, बाटल्या-डबे तमुक वारी, आणि तोही सकाळी ठरलेल्या वेळेआधी. कावळ्यांनी पिशव्या फोडू नयेत म्हणून ढिगावर जाळी टाकलेली असते, आपली पिशवी तिच्या आतच ठेवायची. चुकीच्या वारी ठेवलेली पिशवी स्टिकर लावून तशीच सोडून देतात आणि ती दिवसभर सगळ्यांना दिसत राहते. गादी, खुर्ची अशा मोठ्या वस्तूंसाठी आधी नोंदणी करून दुकानातून तिकीट विकत आणावं लागतं.

कोरियात वारापेक्षा पिशवी महत्त्वाची. १९९५पासून तिथे कचऱ्याचे पैसे पिशवीच्या आकारावर आहेत. आपल्या वॉर्डाची अधिकृत पिशवी जवळच्या दुकानातून विकत घ्यायची, साध्या कॅरीबॅगमध्ये कचरा टाकला तर दंड होऊ शकतो. खरकटं वेगळं. बऱ्याच सोसायट्यांत त्याच्यासाठी एक यंत्र असतं: कार्ड टेकवलं की झाकण उघडतं, आत ओतलं की वजन दिसतं आणि त्यानुसार पैसे लागतात. त्यामुळे लोक भाजीतलं पाणी गाळून मग निघतात.

मराठी स्वयंपाकघराची खरी अडचण पुढे आहे. कांद्या-लसणाची सालं, अंड्याची टरफलं, हाडं, शिंपल्या, आंब्याची कोय, हे सगळं सोलमध्ये खरकट्यात धरत नाहीत, ते साध्या कचऱ्यात जातं. जनावराला खाऊ घालता येईल तेवढंच खरकटं, असा ढोबळ नियम आहे. नारळाच्या करवंटीबद्दल कोणी विचारलंच, तर तीही साध्या कचऱ्यात.

रस्ता आणि गाडी

जपानमध्ये वाहनं आपल्यासारखी डाव्या बाजूने चालतात, कोरियात उजव्या. सोलमध्ये रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघा, आपली मान सवयीने उजवीकडे वळते. जेवण पोचवणाऱ्या मोटारसायकली फुटपाथवरही येतात, तिकडेही लक्ष असू द्या. सरकत्या जिन्यावर टोकियोत डावीकडे उभं राहतात, ओसाकात उजवीकडे, सोलमध्येही उजवीकडे.

जपानी टॅक्सीचं मागचं दार चालक आतून उघडतो आणि बंदही करतो, तुम्ही हात लावू नका. हीच सवय घेऊन सोलला गेलात तर टॅक्सीसमोर नुसतेच उभे राहाल. तिथे दार आपलं आपण उघडायचं. सोलच्या बसमध्ये कार्ड चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा टेकवा, नाहीतर पुढच्या बस-मेट्रोची सवलत बुडते. आणि चढताच काहीतरी घट्ट धरा, चालक कोणासाठी थांबत नाही.

टोकियोच्या लोकलमध्ये फोनवर बोलत नाहीत, पाठीवरची सॅक पुढे घेतात. सोलच्या मेट्रोत हळू आवाजात फोन चालतो, गर्दीत खांदा लागला तर कोणी माफी मागत थांबत नाही, आणि त्याचं कोणी मनावरही घेत नाही. पण सोलमध्ये एक मर्यादा पक्की आहे: डब्याच्या टोकाला असलेली ज्येष्ठांची आसनं. डबा खच्चून भरलेला असला तरी तरुण माणसं ती रिकामी ठेवतात. टोकियोत तशा आसनावर बसून गरजू माणूस आला की उठलं तरी चालतं. सोलमध्ये बसूच नका, एखादे आजोबा भर डब्यात खडसावतील.

ताटावर बसताना

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. दोन्हीकडे भात, सूप आणि काड्या, म्हणून नवखा इथे निर्धास्त असतो.

जपानमध्ये भाताची वाटी हातात उचलतात. सूपही वाटी ओठांना लावून पितात, चमचा नसतोच. वाटी खाली ठेवून तिच्याकडे वाकून खाणं गैर दिसतं. कोरियात नेमकं उलटं: वाटी टेबलावरच राहते, भात आणि सूप चमच्याने खातात, काड्या फक्त तोंडीलावण्यासाठी. याचं एक कारण हात लावताच कळतं, कारण तिथल्या खाणावळीत भाताची वाटी बहुधा स्टीलची, झाकणाची आणि चटका बसेल इतकी गरम असते. काड्याही स्टीलच्या आणि चपट्या, लाकडी जपानी काड्यांवर हात बसलेल्याला पहिले काही दिवस त्यात शेंगदाणाही धरवत नाही. भातात काड्या किंवा चमचा उभा खोचणं दोन्हीकडे वाईट, तो मृताला दाखवलेला नैवेद्य होतो. आणि काड्यांतून काड्यांत घास देणं जपानमध्ये कधीही नाही, कारण तिथे अंत्यविधीनंतर अस्थी तशा उचलतात.

सोलमधल्या एखाद्या भाजलेल्या मांसाच्या दुकानात गटाबरोबर गेलात, तर काय होतं ते क्रमाने बघा. काड्या-चमचे कुठेच दिसत नाहीत. टेबलाच्या बाजूला खण असतो, त्यात. सर्वांत लहान माणूस ते काढून सगळ्यांपुढे लावतो आणि पाणीही ओततो. तो लहान तुम्ही असाल तर उठा. वेटरला बोलवायला टेबलावर बेलचं बटण असतं, ते दाबण्यात उद्धटपणा नाही. न मागता किमची, मुळा, पालेभाजी अशा छोट्या वाट्या येतात. त्या फुकट असतात, संपल्या की बहुतेक ठिकाणी पुन्हा मिळतात. मांस टेबलावरच भाजून कात्रीने कापतात. पानात भात-मांस गुंडाळून केलेला घास एकाच वेळी तोंडात घालायचा, अर्धा चावून खाली ठेवायचा नाही. पण हे सगळं वयाने सर्वांत मोठ्या माणसाने पहिला घास घेतल्यावरच सुरू होतं.

जपानी इझाकायातही, म्हणजे दारू आणि खाण्याच्या दुकानातही, न मागता एक छोटी वाटी पुढे येते, तिला ‘ओतोशी’ म्हणतात. ती फुकट नसते. तीन-चारशे येन बिलात लागतात, ती बसण्याची फी समजा आणि हुज्जत घालू नका.

एकट्याने जेवायचं असेल तर जपानसारखं सुख नाही. काउंटरवर बसा, खा, निघा, कोणी वळूनही बघत नाही. कोरियात आता एकट्याने जेवणं वाढलं असलं तरी भाजलेलं मांस किंवा सामायिक भांड्यातली रस्सेदार जेवणं अनेक ठिकाणी ‘किमान दोघांची’ असतात. आत शिरण्याआधी एक बोट वर करून विचारा.

शाकाहाऱ्यांसाठी दोन्ही देश अवघड आहेत, फक्त अवघड जागा वेगळ्या आहेत. जपानमध्ये सुक्या माशाचा ‘दाशी’ जवळपास प्रत्येक रश्शात असतो. कोरियात किमचीत बहुधा खारवलेली कोळंबी किंवा माशाचा सॉस असतो आणि रश्शात सुकी मासळी. ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही, ‘मासे नको, माशाचं पाणीही नको’ असं लिहून दाखवा. बौद्ध मठांचं जेवण दोन्हीकडे खात्रीचं, पण रोजच्या खर्चात बसणारं नाही. शेवटी घरचा कुकरच. टोकियोत निशिकासाईला आणि सोलमध्ये इतेवॉनला भारतीय वाणसामान मिळतं.

पेला आणि बिल

स्वतःचा पेला स्वतः भरत नाहीत, हे दोन्हीकडे. जपानमध्ये शेजाऱ्याचा पेला अर्धा झाला की भरतात. कोरियात पूर्ण रिकामा झाल्याशिवाय ओतत नाहीत. तिथे ओतताना आणि घेताना दोन हात लावा, निदान डावा हात उजव्या हाताच्या कोपराशी धरा. वडीलधाऱ्यासमोर पिताना मान थोडी बाजूला वळवून प्यायचं असतं. पीत नसाल तर जपानमध्ये उलाँग चहाचा ग्लास धरा, कोणी विचारणार नाही. कोरियात कदाचित विचारतील आणि आग्रहही करतील, म्हणून पहिल्याच फेरीत हसून सांगून टाका आणि सोड्याचा पेला इतरांच्या पेल्याला लावा. जपानमध्ये पिऊन सायकल चालवणं हाही गुन्हा आहे आणि नोव्हेंबर २०२४पासून तो कायदा आणखी कडक झाला आहे.

बिलाच्या वेळी जपानमध्ये भागाकार होतो, बरोबरीच्या मित्रांत तर येनपर्यंत. कोरियात मोठा माणूस किंवा बोलावणारा देतो. हल्ली तरुण वाटून घेतात, पण साहेब पुढे सरसावले तर काउंटरवर झटापट करू नका, पुढच्या ठिकाणची कॉफी तुम्ही पाजा. जपानमध्ये कोणी जेवण दिलं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी भेटल्यावर पुन्हा आभार मानायचे असतात. हे विसरलेलं लक्षात राहतं.

हाक कशी मारायची

जपानमध्ये हे सोपं आहे: आडनाव आणि पुढे ‘सान’. साहेब असो, शेजारी असो, दुकानदार असो. कोरियात हीच पद्धत वापरली तर गडबड होते. नुसतं ‘किम’ आणि पुढे ‘शी’ म्हणणं हलकं वाटतं, शिवाय किम, ली, पार्क या तीन आडनावांतच जवळपास निम्मा देश आहे, हाकेला कोण वळेल सांगता येत नाही. तिथे आडनाव, हुद्दा आणि ‘निम’ असं म्हणतात, ‘किम ग्वाजांगनिम’ म्हणजे किम मॅनेजरसाहेब. बरोबरीच्या सहकाऱ्याला पूर्ण नाव आणि ‘शी’. काही नव्या टेक कंपन्यांनी हुद्दे काढून सगळ्यांनाच नावापुढे ‘निम’ लावलंय, तेव्हा पहिल्या दिवशी शेजारच्याला विचारून घ्या.

पहिल्याच भेटीत कोरियन माणूस तुमचं जन्मसाल विचारतो. ही भोचकपणाची गोष्ट नाही. किती आदराच्या भाषेत बोलायचं, आधी कोणी वाकायचं, हे ठरवायला त्याला ते लागतं. सरळ साल सांगा आणि त्याचंही विचारा. २०२३च्या जूनपासून सरकारी कामात वय जगभरासारखं मोजतात, पण गप्पांत सालच विचारलं जातं. एका वर्षाचा फरकही धाकटा-थोरला ठरवतो. ‘आता अहोजाहो नको’ हे वयाने मोठा असेल त्याने म्हणायचं असतं, धाकट्याने नाही. जपानमध्ये वय विचारणं टाळतात, तिथे कंपनीत आधी कोण आलं यावर सेनपाई-कोहाई, म्हणजे ज्येष्ठ-कनिष्ठ, ठरतं.

ऑफिसातला आणखी एक फरक मराठी माणसाला फार उपयोगी पडतो. बाहेरच्या माणसाशी बोलताना जपानी कर्मचारी आपल्या साहेबांचं नाव ‘सान’ न लावता घेतो, कारण आपल्या गटातला माणूस परक्यासमोर मोठा करायचा नसतो. फोनवर ‘तानाकासान बाहेर गेलेत’ नाही, ‘तानाका बाहेर गेलाय’. आपल्याला हे जीभ अडखळून म्हणावं लागतं. कोरियात मात्र साहेब कोणासमोरही साहेबच, वडील कोणासमोरही ‘अहो’च. ही रीत आपली आपल्याला येते.

जपानमध्ये ‘जरा अवघड आहे’ असं ऐकलंत तर तो नकार समजा आणि मागे लागू नका. कोरियन सहकारी बऱ्याचदा स्पष्ट सांगतो, लवकर मागतो आणि रात्री काकाओवर विचारतो. तो ‘वजन वाढलंय तुमचं’ किंवा ‘लग्न कधी?’ असंही म्हणेल. जेवलात का, हेही विचारेल. आपल्या लग्नकार्यांतून तयार झालेल्या माणसाला याचं काही वाटायला नको.

लग्नाचं पाकीट

आमंत्रण आलं तर जपानमध्ये आधी उत्तराचं कार्ड वेळेत परत पाठवा, जागा मोजून असतात. मित्राच्या किंवा सहकाऱ्याच्या लग्नाला साधारण तीस हजार येन, कोऱ्या करकरीत नोटा, खास पाकिटात. वीस हजार टाळतात, दोनाचे दोन सारखे भाग होतात आणि जोडपं दुभंगेल असं वाटतं म्हणून. अंत्यविधीला देताना उलट कोऱ्या नोटा चालत नाहीत, वाट बघत तयारच होता असं दिसतं. नोट नवी असेल तर मधून एक घडी घाला.

कोरियात पन्नास हजार किंवा एक लाख वॉन, साध्या पांढऱ्या पाकिटात, मागच्या बाजूला आपलं नाव. हॉलच्या दाराशी टेबल असतं. पाकीट दिलं की जेवणाचं कूपन मिळतं. विधी अर्ध्या-पाऊण तासात आटोपतो, मग फोटो आणि बुफे. जवळच्या मित्राला एक लाख, ऑफिसातल्या ओळखीच्याला पन्नास हजार, असा साधारण हिशोब असतो. अडलात तर तिथल्याच सहकाऱ्याला विचारा, सगळे आपसांत विचारूनच ठरवतात. आणि नाव लाल शाईने कधीही लिहू नका, कोरियात ते अशुभ मानतात.

बोलायचे आणि न बोलायचे विषय

१९१० ते १९४५ कोरियावर जपानचं राज्य होतं. १५ ऑगस्टला आपला स्वातंत्र्यदिन असतो, त्याच दिवशी कोरियात मुक्तिदिनाची सुट्टी असते आणि जपानमध्ये युद्धसमाप्तीचं स्मरण. सोलमध्ये ‘हे तर जपानसारखंच आहे’ हे वाक्य कौतुकानेही म्हणू नका. सोळा किरणांच्या उगवत्या सूर्याचं चित्र असलेला टीशर्ट जपानमध्ये सहज मिळतो, तो कोरियाच्या बॅगेत भरू नका. दोन देशांमधल्या समुद्राचं नाव आणि त्यातल्या छोट्या बेटांची मालकी हे वादाचे विषय आहेत. कोणी मत विचारलंच तर ऐकून घ्या, बाजू घेऊ नका.

सुट्ट्यांचं आधी बघून ठेवा

जपानने १८७३पासून इंग्रजी कॅलेंडर धरलं, त्यामुळे तिथलं नवीन वर्ष १ जानेवारीलाच. गर्दीचे दिवस म्हणजे नववर्ष, एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीची सलग सुट्टी आणि ऑगस्टमधला ओबोन हा पितरांचा सण. कोरियात सोल्लाल (चांद्र नववर्ष) आणि छुसक (सुगीचा सण) हे दोन मोठे सण चांद्र पंचांगाने येतात, म्हणून आपल्या दिवाळीसारखी तारीख दर वर्षी हलते. त्या दिवसांत सोल रिकामं होतं, बरीच दुकानं बंद असतात, आणि गावाकडे जाणाऱ्या केटीएक्स या वेगवान रेल्वेची तिकिटं काही आठवडे आधी एका ठरलेल्या दिवशी खुली होऊन भराभर संपतात. तुम्हाला बुसानला जायचं असेल तर तो दिवस कॅलेंडरवर टाकून ठेवा, आणि घरातच राहणार असाल तर आदल्या दिवशी दूध-भाजी आणून ठेवा.